अंगठीवरची मोहोर आणि मनगटावरचे घड्याळ

लग्नसराई आणि ईद जवळ आली की घड्याळांची खरेदी हमखास होते. केडगावचे छोटे दुकान असो, नगरचा कापड बाजार असो वा मुंबईचा पदपथ, काचेच्या पेटीत दोन प्रकारची घड्याळे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एकावर जगप्रसिद्ध स्विस कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह असते, पण ते त्या कंपनीने बनवलेले नसते. बाजार त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतो. दुसऱ्याची घडण त्याच प्रसिद्ध घड्याळासारखी असते, मात्र डायलवर बनवणाऱ्याचे स्वतःचे नाव असते. त्याला ‘होमेज’ म्हणतात, म्हणजे जुन्या नामांकित घडणीला दिलेली मानवंदना. जुमाच्या नमाजनंतर तरुण विचारतात, ‘दोन्ही नक्कलच ना? मग एक जायज आणि दुसरे नाजायज कसे?’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि अनेक घरांची रोजीरोटी त्याच्याशी बांधलेली आहे. म्हणून त्याचे उत्तर कुरआन, हदीस आणि फिकहच्या प्रकाशात सविस्तर पाहू.

एका अंगठीचा धडा

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी परराज्यांच्या शासकांना पत्रे पाठवण्याचे ठरवले, तेव्हा मोहोर नसलेले पत्र ते लोक वाचत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ हे शब्द कोरवले. त्याच वेळी, हा मजकूर दुसऱ्या कोणीही आपल्या अंगठीवर कोरू नये, असे बजावले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही घटना आली आहे.

येथे नीट लक्ष द्यावे. चांदीची अंगठी घालण्यास मनाई झाली नाही. तशाच आकाराची अंगठी करवून घेण्यासही मनाई झाली नाही. मनाई झाली ती केवळ मोहोरेचा मजकूर कोरण्यास. इमाम नववी यांनी याचे कारण स्पष्ट केले आहे: ती अंगठी पत्रांवर मोहोर उमटवण्यासाठी होती, तोच मजकूर इतरांच्या हाती आला असता तर खरे कोणते आणि बनावट कोणते, हे कळेनासे झाले असते.

आकार सर्वांचा असू शकतो. मोहोर मात्र ज्याची त्याचीच असते. कारण मोहोर ही शोभा नव्हे, ती साक्ष आहे. घड्याळाच्या डायलवरील नाव हीदेखील साक्षच असते. ‘हे मी बनवले, याची जबाबदारी माझी’ असे ते नाव सांगते. दुसऱ्याचे नाव आपल्या मालावर छापणे म्हणजे त्याच्या वतीने खोटी साक्ष देणे होय.

घडण आणि नाव यांतील अंतर

पाणबुड्यांसाठी बनवलेल्या घड्याळांचे उदाहरण घेऊ. काळी डायल, अंधारात चमकणारे ठिपके आणि पाण्याखाली घालवलेला वेळ मोजण्यासाठी भोवती फिरणारी कडी, ही घडण 1953 च्या सुमारास ब्लांपां आणि रोलेक्स यांच्या घड्याळांतून पुढे आली. पुढे अनेक देशांतील कारखान्यांनी ती उचलली आणि आज ती घड्याळांची एक सर्वसाधारण जात झाली आहे. आपल्या देशातही 2000 च्या डिझाइन्स कायद्यानुसार नोंदलेल्या घडणीला आधी 10 वर्षे आणि वाढवून आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. नावाचे तसे नाही. त्याची नोंदणी दर 10 वर्षांनी पुन्हा पुन्हा वाढवता येते. ट्रेड मार्क्स कायदा 1999 च्या कलम 103 आणि 104 मध्ये मालावर खोटे व्यापारचिन्ह लावणे व तसा माल विकणे यांसाठी 6 महिने ते 3 वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे.

फिकहचा कौलही याच दिशेने जातो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर 1988 मधील कुवेत येथील अधिवेशनात ठराव क्रमांक 43 द्वारे व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरील हक्क शरीअतच्या दृष्टीने मान्य ठरवले. हे हक्क मालकांचे असून त्यांवर अतिक्रमण करणे वैध नाही, असे त्यात नमूद आहे. काही जुन्या उलेमांना अमूर्त हक्काला ‘माल’ म्हणण्याबाबत संकोच होता. परंतु गिऱ्हाइकाची फसवणूक हराम आहे, याविषयी कोणाचेही दुमत नाही.

‘गिऱ्हाइकाला माहीत असते’

विक्रेत्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की इतक्या कमी किमतीत अस्सल माल मिळत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. मग फसवणूक कोठे झाली? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. एका धान्यविक्रेत्याच्या ढिगात प्रेषित (स.) यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे तो म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले, आणि फसवणारा आपल्यापैकी नव्हे, हे स्पष्ट करण्यात आले. सहीह मुस्लिममधील या हदीसवरून एवढे कळते की दोष उघड सांगितला तर पहिल्या गिऱ्हाइकाची फसवणूक टळते.

तथापि दोन गोष्टी तरीही उरतात. पहिली, नावाच्या मालकाचा हक्क. गिऱ्हाइकाच्या संमतीने तो माफ होत नाही. दुसरी, ते घड्याळ पुढे ज्यांच्यासमोर मिरवले जाईल ते लोक. फर्स्ट कॉपीची सारी किंमत समोरच्याची समजूत चुकवण्यातच असते. जे आपल्याला मिळालेले नाही ते मिळाल्याचे भासवणाऱ्याची तुलना हजरत अस्मा (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याशी केली आहे. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत पापकर्मात सहकार्य करण्यास मनाई आहे. ज्या वस्तूचा मुख्य उपयोगच भासवणे हा आहे, ती विकणारा या मनाईबाहेर कसा राहील?

या खोटेपणाची झळ कोठवर पोहोचते, ते पाहा. आपल्याकडे निकाहच्या वेळी नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत आहे. ऐपत नसताना ‘मोठ्या’ नावाचे घड्याळ हवे म्हणून फर्स्ट कॉपी आणली जाते आणि अस्सल म्हणून दिली जाते. पुढे दुरुस्तीला नेल्यावर कारागीर झाकण उघडतो आणि सत्य बाहेर पडते. त्या दिवशी मुलीला सासरी मान खाली घालावी लागते. साधे, स्वतःच्या नावाचे घड्याळ दिले असते तर कोणाची मान झुकली असती?

होमेजच्या मर्यादा

होमेज घड्याळ मुळात वैध आहे, परंतु काही अटींवर. डायलवर, चावीवर आणि मागील झाकणावर बनवणाऱ्याचे स्वतःचेच नाव व चिन्ह असावे. प्रसिद्ध नावातील एखादे अक्षर बदलून गोंधळ माजवणे ही होमेजची नव्हे, फर्स्ट कॉपीचीच धाकटी बहीण. सूरह बकरहच्या 42 व्या आयतीत सत्यात असत्य मिसळण्यास मनाई आहे, ती येथे लागू होते. घडणीची नोंदणी अद्याप चालू असेल तर तिची नक्कल करू नये. विक्रेत्याने ‘आतून तेच आहे’ असे सांगू नये.

शिवाय घडण मूळची कोणाची, हे लपवू नये. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेमागे चर्मकार बांधवांच्या पिढ्यांचे श्रम आहेत. टीकेनंतर कंपनीला प्रेरणेचा उगम मान्य करावा लागला. आपल्या कारागिरासाठी जो न्याय आपण मागतो, तोच परक्या कारागिरालाही दिला पाहिजे. स्वतःसाठी जे आवडते तेच भावासाठी आवडणे हे ईमानचे लक्षण आहे. आपल्याकडचे सचोटीचे उदाहरणही आहे: यंत्रमागाची साडी ‘सेमी पैठणी’ म्हणून विकणारा दुकानदार प्रामाणिक आहे, तीच येवल्याची हातमागाची म्हणून विकणारा नाही.

जुन्या घड्याळांनाही हाच नियम लागू होतो. बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात 1961 पासून सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनू लागली. आज त्या जुन्या घड्याळांना मागणी आहे. काही ठिकाणी डायल नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून ती मूळ स्थितीतील म्हणून विकली जातात. ‘मशीन जुनी, डायल नव्याने रंगवलेली’ एवढे सांगितले तर तीच विक्री हलाल होते.

ज्यांच्याकडे असा माल आहे त्यांनी काय करावे?

नवी खरेदी थांबवावी. शक्य असेल तर माल पुरवठादाराला परत करावा. नसेल तर खोटी नावे काढून मशीन, काटे आणि पट्टे दुरुस्तीच्या कामी वापरावेत. अस्सल सांगून ज्यांना विकले ते ओळखीचे असतील तर त्यांना सत्य सांगून पैसे परत करावेत. ते सापडत नसतील तर तेवढी रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना द्यावी. हिशेब गुंतागुंतीचा असल्यास जवळच्या मुफ्तींना विचारावे. नकळत घेणाऱ्यावर गुन्हा नाही. मात्र कळल्यावर त्याने ते अस्सल म्हणून पुढे विकू नये.

अस्सल महागडे घड्याळ घेतले म्हणजे सारे साधले, असेही नाही. पुरुषांसाठी सोने निषिद्ध आहे आणि उधळपट्टी सर्वांसाठीच. घड्याळाचे काम वेळ दाखवणे. आपल्यासाठी त्याहून मोठे काम म्हणजे पाच नमाजांची आठवण देणे. ते काम साधे घड्याळही चोख करते.

खरेदीदार आणि विक्रेता दोघे खरे बोलले आणि काही लपवले नाही तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, लपवाछपवी केली तर ती पुसली जाते, असे हजरत हकीम बिन हिजाम (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये सांगितले आहे. नफा मोजता येतो, बरकत मोजता येत नाही. पण घरात ती आहे की नाही, हे कळतेच. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल कमाईची आणि आहोत तसे दिसण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.