सरावाआधीची वीस मिनिटं

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या कोल्हापुरात दवाखान्यात गुडघे आणि घोटे यायला लागतात. सोबतच्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "कुणी लाथ मारली असंल काय हो?" बऱ्याचदा कुणीच मारलेली नसते. पोरगं पळता पळता अचानक वळतं, किंवा हेडर घेऊन एका पायावर उतरतं. गुडघा आत पडतो आणि एसीएल नावाचा आतला अस्थिबंध तुटतो. वयात येणाऱ्या मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त. धक्क्याशिवाय होणाऱ्या या दुखापती बऱ्याच अंशी टाळता येतात, म्हणून आज हा विषय.

फिफाच्या वैद्यकीय केंद्रानं नॉर्वे आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांबरोबर '११ प्लस' हा वीस मिनिटांचा सराव बसवला. आठ मिनिटं हलकं धावणं. दहा मिनिटं प्लँक, बैठका, एका पायावर तोल आणि उड्या. शेवटची दोन मिनिटं वेगानं धाव आणि वळणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर तो तपासला गेला. ज्या संघांनी तो केला, त्यांच्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं घटल्या, गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्यावर आल्या. ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी याचीच वेगळी आवृत्ती आहे.

'११ प्लस'मधला एक व्यायाम मुलांना मुळीच आवडत नाही : नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे दाबून धरायचे आणि कंबरेत न वाकता सावकाश पुढं झुकायचं. तोल सुटला की हात टेकायचे. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच करा. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू भरून येईल, घाबरू नका.

उड्यांमध्ये किती उंच यापेक्षा कसं उतरलं हे महत्त्वाचं. घरी बघायचं असेल तर मुलाला पायरीवरून उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत हवेत. ते एकमेकांकडे झुकत असतील तर प्रशिक्षकांना दाखवा.

आपल्याकडं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा फुटबॉल संघांच्या नावातच तालीम आहे. जोर-बैठकांचं आपल्याला वावडं नाही. तरीही पेठेतली पोरं मैदानाला दोन फेऱ्या मारतात, वाकून अंगठे धरतात आणि थेट गोलावर शॉट मारायला लागतात. अंगठे धरून गुडघा वाचत नाही. पूर्ण सराव आठवड्यातून किमान दोनदा, सबंध हंगामभर हवा. मॅचच्या दिवशी फक्त धावण्याचे भाग करा, ताकदीचे नकोत. आणि हे पोरांवर सोडू नका. प्रशिक्षक शेजारी उभे राहिले तरच होतं.

झपाट्यानं उंची वाढण्याच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखत असेल, तर व्यायाम वाढवू नका, खेळ कमी करा.

गुडघ्यात 'कट्ट' आवाज झाला, दोन-चार तासांत सूज आली किंवा पाय टेकवेना, तर तेल लावून चोळून घेऊ नका. कापडात गुंडाळून बर्फ लावा, मॅच तिथंच सोडा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सूज उतरली म्हणून तपासणी टाळू नका. एसीएल तुटला तरी काही आठवड्यांत पोरगं नीट चालायला लागतं, आणि पुढच्या मॅचला पुन्हा उतरून गुडघ्यातली गादीही फाडून घेतं.