घराच्या कर्जाआधीची दोन वर्षं

चि. मनीस,


दोन वर्षांत पुण्यात स्वतःचं घर घ्यायचं तू मनात घेतलं आहेस, हे ताईने फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. ‘मनीच्या डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही, साधं क्रेडिट कार्डही नाही, बँक तिला डोळे झाकून कर्ज देईल,’ असंही ती म्हणाली. त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो. बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी झाली. नेमक्या याच समजुतीने आलेली गुणी, काटकसरी मुलं तिथे खट्टू होऊन परत जाताना मी पाहिली आहेत.

तुझ्या आजोबांनी कराडात घर बांधलं तेव्हा बँकेचा मॅनेजर त्यांना नावानिशी ओळखत होता. पुण्यात तुझा अर्ज ज्याच्या टेबलावर येईल, तो तुला ओळखणार नाही. तो तुझा पॅन क्रमांक टाकेल आणि पडद्यावर येईल ते वाचेल. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था आपल्याकडे कुणी किती उधार घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवतात आणि त्यावरून स्कोअर काढतात. तो 300 ते 900 मध्ये असतो. साडेसातशेच्या वर असला की काम सहसा सुरळीत होतं. पण ज्याने कधी उधारच घेतलेली नाही, त्याच्या नावापुढे आकडाच येत नाही. घरभाडं तू पाच तारखेच्या आत भरतेस, भिशीचा हप्ता कधी चुकवला नाहीस, सगळे व्यवहार यूपीआयवर चोख करतेस. यातलं काहीच तिथे उमटत नाही. दाजींनी पतसंस्थेचं कर्ज मुदतीआधी फेडलं, त्याचा तुझ्या नावाला उपयोग नाही.

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. तरी कर्ज मिळणं वेगळं आणि चांगल्या दराने मिळणं वेगळं. बऱ्याच बँका स्कोअर पाहून व्याजदर ठरवतात. साठ लाखांचा फ्लॅट धर. नियमाप्रमाणे बँक त्यावर जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 48 लाख देऊ शकते. वीस वर्षांच्या मुदतीला 8 टक्क्यांनी हप्ता सुमारे 40,150 रुपये बसतो, साडेआठ टक्क्यांनी 41,650. दर तसेच राहिले, तर या अर्ध्या टक्क्यापायी वीस वर्षांत साडेतीन लाखांच्या वर रक्कम जाते. तेवढ्या पैशांत स्वयंपाकघर आणि फर्निचर होऊन जाईल.

म्हणून आत्ताच सुरुवात कर. तुझ्या पगाराचं खातं आहे त्या बँकेत तीस हजारांची मुदत ठेव कर आणि तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड माग. ठेव तारण असल्यामुळे नोंद नसलेल्यालाही हे कार्ड मिळतं आणि ठेवीवर व्याज चालू राहतं. कार्डावर फक्त नेहमीचा खर्च टाक: किराणा, विजेचं बिल, मोबाइल. मर्यादा तीस हजारांची असेल तर महिन्याचा वापर नऊ हजारांच्या आत ठेव. मर्यादेच्या 30 टक्क्यांपुढे सतत वापर दिसला, की माणूस उधारीवर जगतो आहे असा अर्थ लावला जातो. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेव. बिलावर ‘किमान रक्कम’ छापलेली असते. तिच्याकडे बघूसुद्धा नकोस. तेवढीच भरली तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. एवढं नेमाने केलंस तर साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो. पुढे दुसरं कार्ड मिळालं तरी हे पहिलं बंद करू नकोस, कारण खातं जितकं जुनं तितकं त्याचं वजन जास्त.

कर्जाची सवय लाव, असं मी सांगत नाही. आपल्या घरात हात आखडून जगण्याची रीत आहे, ती सोन्यासारखी आहे आणि तशीच राहू दे. स्कोअरसाठी म्हणून हप्त्यावर मोबाइल घेण्याची काही गरज नाही. एक कार्ड नीट वापरलं तरी पुरतं.

आता काय टाळायचं ते. मोबाइल ॲपवर दोन मिनिटांत मिळणारी छोटी कर्जं घेऊ नकोस. तीही या संस्थांच्या अहवालात येतात आणि पुढे घराचं कर्ज देणाऱ्याच्या मनात शंका निर्माण करतात. एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नकोस, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. कुणाला जामीन राहू नकोस. मित्र असो की चुलतभाऊ, त्याने हप्ता थकवला तर डाग तुझ्या नावावर येतो. मनी, हे नाही म्हणणं तुला जड जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझं नाव पुढे कर, मामा रागावतो म्हणून सांग. आणि पैसे घेऊन सिबिल वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. खरी नोंद कुणाला पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

तुझा अहवाल या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण आणि फुकट मिळतो. कार्ड घेण्याआधीच तो मागवून बघ. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पॅन तपास. न घेतलेलं कर्ज तुझ्या नावावर दिसलं तर लगेच लेखी तक्रार कर. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

याच दोन वर्षांत हातचे पैसेही साठव. साठ लाखांत बारा लाख तुझे असतील. घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर स्त्रियांना असलेल्या सवलतीमुळे पुणे शहरात मुद्रांक शुल्क 6 टक्के पडेल, म्हणजे 3 लाख 60 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. ही वरची रक्कम बँक देत नाही.

पैसा एकवेळ उसना मिळतो, आईवडील देतात. वेळेवर फेडलेल्या चोवीस महिन्यांची नोंद मात्र कुणी उसनी देऊ शकत नाही, आणि अर्जाच्या आदल्या महिन्यात धावपळ करून ती तयारही होत नाही. शब्दाला जागणं तुझ्या अंगातच आहे. अनोळखी माणसाला ते दिसेल अशी सोय तेवढी करायची आहे, आणि त्यासाठी तुझ्या हाताशी अजून पुरेसा वेळ आहे. या रविवारी अहवाल मागव आणि त्याची प्रत मला पाठव. एकेक ओळ आपण फोनवर मिळून वाचू. मुदत ठेव पुढच्या पगाराच्या दिवशी कर.

तुझा,
मामा