दिसू नयेत, पण ऐकू यावेत

पुण्यात घरांचं इंटिरिअर करताना अलीकडे एक मागणी सारखी कानावर येते. हॉल मोकळा हवा. एक सोफा, एक टीव्ही, पांढऱ्या भिंती, बाकी काही नको. आणि त्याच दमात, सिनेमा लावला की आवाज थिएटरसारखा चहूबाजूंनी यायला हवा. या दोन मागण्या एका खोलीत नांदू शकत नाहीत असं समजून बरेच जण टीव्हीखाली साउंडबार ठेवतात आणि विषय संपवतात. मला ते पटत नाही. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर बारा बाय अठराच्या हॉलमध्ये असे बसतात की पाहुण्यांना ते शोधावे लागतात. मात्र सगळं सारखंच लपत नाही. वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण लपतात, बाजूचे स्पीकर बरेचसे लपतात, आणि मधल्या स्पीकरच्या तोंडावर लाकूड किंवा काच आणायचीच नसते. ही प्रतवारी डोक्यात पक्की असली की पुढची कामं सोपी होतात.

१. आधी भिंत ओळखा.

परदेशी मासिकांतले फोटो दाखवून लोक म्हणतात, असे भिंतीत बसणारे स्पीकर हवेत. ते स्पीकर अमेरिकेतल्या पोकळ भिंतींसाठी बनलेले असतात. तिथे लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात, मधल्या पोकळीत स्पीकर आरामात मावतो. आपल्याकडे जुन्या इमारतीत विटा आणि नव्या टॉवरमध्ये बहुतेक वेळा मायवान, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. बाणेरच्या एका साइटवर इलेक्ट्रिशियनने भिंतीवर नुसती हातोडी वाजवली आणि म्हणाला, "ताई, ही मायवान आहे, हिच्यात झिरी पाडायची नाही." बरोबर बोलला तो. त्या भिंतींवर इमारतीचा भार असतो. त्यांना ग्राइंडर लावणं म्हणजे आतल्या सळ्यांशी खेळ, आणि सोसायटी परवानगी देत नाही हे योग्यच आहे.

मग वाट एकच. टीव्हीच्या भिंतीवर चार-पाच इंच खोलीचं प्लायचं पॅनेल उभं करायचं. पॅनेल भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत नेलं तर ते पॅनेल वाटतच नाही, तीच भिंत वाटते. खोली चार-पाच इंचांनी लहान होते, पण मधे कुठेही कडा दिसत नाही. अर्धवट पॅनेल मात्र चिकटवल्यासारखं दिसतं. विटांची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर वायरपुरती झिरी चालते. स्पीकरसाठी भोक तिथेही नको.

२. पीओपी व्हायच्या आधी पाइप.

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात किंवा वाया जातात. फॉल्स सीलिंगचे तक्ते चढले, लांबी झाली, रंगाचा पहिला हात लागला आणि मग कोणी म्हणालं की मागे दोन स्पीकर हवेत, तर ते काम दुप्पट महाग पडतं. म्हणून प्रत्येक स्पीकरच्या जागेपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आधीच टाकून घ्यायचा. वळणं गोलाकार ठेवायची, काटकोनी एल्बो लावला की पुढे वायर ओढताना अडकते. टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक जादा रिकामा पाइप हवाच. एचडीएमआयची केबल दर काही वर्षांनी बदलते, भिंत बदलत नाही.

विजेच्या वायरिंगपासून हे पाइप निदान फूटभर लांब न्यावेत, आणि छेदावंच लागलं तर काटकोनात छेदावं, नाहीतर स्पीकरमध्ये बारीक गुणगुण येऊ शकते. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर पुरते, त्याहून लांब अंतराला अडीचची घ्यावी. पुण्यातल्या तापकीर गल्लीत घ्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, वायरचं टोक पात्याने खरवडून बघा. आतून चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. तक्ते चढवण्याआधी मोजपट्टी धरून प्रत्येक पाइपचा फोटो काढायचा. पुढे कोणी फोटोफ्रेमसाठी ड्रिल मारायला घेतलं की हाच फोटो कामाला येतो.

३. मधल्या स्पीकरशी तडजोड नाही.

सिनेमातले संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधूनच येतात. तो छतात बसवलेली घरं मी पाहिली आहेत. पडद्यावरचा माणूस बोलतो आणि आवाज वरच्या मजल्यावरून येतो. अशाच एका घरातल्या काकू मला म्हणाल्या, "अगं, शब्दच कळत नाहीत, म्हणून मी वाचतच बसते." खाली इंग्रजी अक्षरं लावून हिंदी सिनेमा बघत होत्या त्या. मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली, थोडा वर वळवून, तोंड मोकळं ठेवून बसवावा. डावा-उजवा त्याच उंचीच्या आसपास, बसणाऱ्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर. ट्वीटर, म्हणजे बारीक स्वर काढणारा स्पीकरचा छोटा भाग, कानाच्या उंचीला यावा. साध्या सोफ्यावर ही उंची तीन-सव्वातीन फूट भरते, पण मोकळ्या हॉलमध्ये लोकांना हल्ली बसकी बैठक आवडते, आणि तिथे कान अडीच फुटांवर येतात. म्हणून आधी बैठकीवर बसा, कानापर्यंतचं अंतर मोजा, मग पॅनेलचं ड्रॉइंग करा. मॉडेल घरातल्यासारखा टीव्ही पाच फुटांवर टांगला तर मानही दुखते आणि आवाजही जागेवर राहत नाही.

एक सांगायला हवं. साधेपणा म्हणजे वस्तू अदृश्य करणं नव्हे. ब्राऊन कंपनीसाठी डिझायनर डीटर राम्स यांनी १९६० च्या दशकात भिंतीवर ओळीने टांगायची ध्वनियंत्रणा घडवली होती. तिचे स्पीकर उघडपणे भिंतीवर होते आणि तरी खोली शांत दिसायची, कारण मापं आणि रेषा जुळलेल्या होत्या. चांगल्या घडणीचे दोन स्पीकर दिसले तर मला ते खटकत नाहीत. लोंबणारी एक वायर मात्र सगळा हॉल बिघडवते.

४. बाजूच्या स्पीकरना छत चालतं, पण पंखा आडवा येतो.

मागून-बाजूने येणारे आवाज, म्हणजे पाऊस, गर्दी, लांबची गाडी, यांची दिशा काटेकोर नसली तरी निभावतं. म्हणून हे दोन स्पीकर फॉल्स सीलिंगमध्ये जाऊ शकतात. खरी जागा सोफ्याच्या बाजूला किंवा किंचित मागे, कानाच्या थोडी वर. पण आपल्या हॉलमध्ये एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला डायनिंग किंवा बाल्कनी असते, म्हणजे एका स्पीकरला भिंतच नसते. तेव्हा एक भिंतीवर आणि एक छतात असं करू नये. दोन्ही छतात, सारख्या अंतरावर, ट्वीटर वळवता येणारे घ्यावेत आणि त्यांचं तोंड बसणाऱ्याकडे फिरवावं.

पंख्याचा विचार कोणी करत नाही. नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून दोन फूट घेर घेतो. त्या घेराच्या वर स्पीकर आला तर पाती आवाज कापत राहतात आणि स्वर थरथरल्यासारखा ऐकू येतो. पंख्याच्या मध्यापासून तीन फूट तरी लांब राहावं. जिप्समच्या तक्त्यावर स्पीकरचा सगळा भार टाकू नये, स्लॅबला सुरक्षा-तार बांधून घ्यावी. मागे बंद पेटी आणि तिच्याभोवती रॉकवूल घातलं की पत्र्याचे चॅनेल खडखडत नाहीत, आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही सिनेमा ऐकावा लागत नाही.

या आकाराच्या हॉलमध्ये वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी आणखी चार स्पीकर घालण्याचा आग्रह मी धरत नाही. पाच नीट बसलेले स्पीकर कोंबलेल्या नवांपेक्षा जास्त आनंद देतात.

५. रिकामी खोली हीच मोठी अडचण आहे.

स्पीकरवर लाख-दीड लाख घालायला तयार असलेली माणसं पडद्यांवर पंधरा हजार घालताना का कचरतात ते मला अजून समजलेलं नाही. मोकळ्या हॉलमध्ये काय असतं? व्हिट्रिफाइड टाइल, प्लास्टर, काच, जिप्सम. यातलं काहीच आवाज फारसं शोषत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांच्या सूत्राने हिशेब केला तर बारा बाय अठराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या अशा खोलीत आवाज विरायला दीड सेकंदाच्या आसपास लागतात. संवाद स्पष्ट ऐकू यायला हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या जवळ हवा. मधे उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून धातूसारखी झणझण आली तर कितीही महागडा स्पीकर तिथे कर्कशच वाजणार.

यावरचे उपाय खोलीच्या साधेपणाला धक्का लावत नाहीत. बाल्कनीच्या काचेवर छतापासून जमिनीपर्यंत जाड, भरपूर चुण्यांचा पडदा. ताणून सपाट लावलेला पडदा फार कमी शोषतो, म्हणून रुंदीच्या दुप्पट कापड घ्यावं. सोफ्यासमोर एक मोठा, जाड गालिचा. पुढच्या स्पीकरचा आवाज जमिनीवर आपटून कानाकडे येतो तो तिथेच अडतो. सोफा चामड्याचा नको, कापडी हवा. आणि सोफ्यामागच्या भिंतीवर भिंतीच्याच रंगाच्या कापडात मढवलेला दोन इंची रॉकवूलचा एक मोठा तक्ता. तो चित्रासारखा टांगता येतो. एवढं केलं आणि पुन्हा टाळी वाजवली की फरक घरातल्या लहान मुलालाही कळतो.

६. सबवूफर कुठेही ठेवता येतो हे अर्धसत्य आहे.

८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही. तिथे ध्वनिलहरीच चार मीटरहून लांब असते. त्यामुळे तो नजरेआड ठेवता येतो हे खरं. पण अठरा फुटी खोलीत ३१ हर्ट्झच्या आसपास आणि बारा फुटी रुंदीत ४७ च्या आसपास आवाज काही ठिकाणी फुगतो, काही ठिकाणी गडप होतो. कोपऱ्यात ठेवला की बहुतेक वेळा घुमतो. जागा शोधायची जुनी, खात्रीची रीत अशी: सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, संथ बेसचं गाणं लावायचं आणि खोलीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे बेस भरीव पण स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर बसवायचा. ती जागा दिवाणाखाली आली तर दिवाणाच्या पुढच्या बाजूला जाळी द्या, लाकडाला तो कुठेही टेकू देऊ नका, आणि खाली जाड रबरी पाय लावा. खालच्या मजल्यावरच्यांचं छत म्हणजे तुमची फरशी.

७. झाकण हवेशीर हवं.

स्पीकरसमोरच्या कापडाची परीक्षा सोपी आहे. कापड तोंडाला लावून फुंका. फुंकर सहज पलीकडे गेली तर आवाजही जाईल. सैल विणीची खादी यात पास होते. खण दिसायला फार सुंदर, पण त्याची वीण घट्ट, तो स्पीकरवर नको. माझी सगळ्यात आवडती वस्तू वेताची जाळी. टीव्ही युनिटच्या दारांना ती लावली की मधला स्पीकर, प्लेअर, सगळं मागे राहतं आणि आवाज मोकळा येतो. छतातल्या स्पीकरची जाळी छताच्या रंगात रंगवायची असेल तर मागचं पातळ कापड आधी काढून घ्या आणि लांबून हलका स्प्रे मारा. ब्रशने रंगवली की भोकं बुजतात.

८. अ‍ॅम्प्लिफायरला श्वास घेऊ द्या.

तो तापतो. वर निदान चार इंच, मागून बाहेर जायला वाट. बंद दार असेल तर रिमोटसाठी आयआर एक्स्टेंडर लावा.

९. वायरलेस म्हणजे वायर नाही असं नव्हे.

वायरलेस स्पीकरलाही वीज लागते. सोफ्याच्या मागे दोन्ही टोकांना प्लगपॉइंट काढलेले नसतील तर एक्स्टेंशन बोर्ड दिसणारच.

१०. शेवटचा दिवस मोजमापाचा.

जोडणी झाल्यावर प्रत्येक वायर तपासायची. दीड व्होल्टचा साधा सेल वायरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला की स्पीकरचा पडदा हलतो. अधिक टोक बरोबर असेल तर तो बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तरी बेस विरतो आणि कारण सापडत नाही. मग पंखा, एसी बंद करून मायक्रोफोन कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरची स्वयंचलित चाचणी चालवायची.

त्यानंतर मी 'तुंबाड' (२०१८) लावते. त्या सिनेमात पाऊस थांबत नाही. पाऊस फक्त टीव्हीतून पडत असेल तर मागचे स्पीकर वाढवायचे, मागून कोसळत असेल तर कमी करायचे. आपण घरात बसलोय आणि पाऊस बाहेर आहे असं वाटलं की जुळलं.

रात्री दहानंतर निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नाईट मोड असतो, तो घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा.

नव्या घराचा ताबा मिळाला असेल तर सुतार बोलवायच्या आधी सोफ्याची जागा खडूने फरशीवर आखा, आणि इलेक्ट्रिशियनला तिथे उभं करून पाइप कुठून जाणार ते त्याच्याकडून वदवून घ्या. पीओपीवाल्याला त्यानंतरच फोन करा.