मालवाहू पिकअप : मागील आसाची निगा

शेतमाल बाजार समितीच्या आवारात पोहोचविण्यापासून खते, बियाणे, पाण्याच्या टाक्या व शाळेची बाके वाहून नेण्यापर्यंत ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक कामे आज पिकअप वाहनांकडे आली आहेत. यांपैकी पुष्कळ वाहने जुनी झालेली असतात. त्यांच्या इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलले जाते, टायरही पाहिले जातात. परंतु मालाचा मुख्य भार ज्यावर येतो, त्या मागील आसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडले की चाक करकरू लागते व गाडीवान सावध होतो. पिकअपचा आस बंद पेटीत असतो आणि त्यातील तेल घटल्याचे दर्शविणारा काटा चालकासमोर नसतो. आवाज ऐकू येईपर्यंत आतील दात झिजलेले असतात. म्हणूनच आवाजाची वाट न पाहता ठरावीक मुदतीने तपासणी करणे, हाच यावरील खरा उपाय होय.

रचना व कार्य

इंजिनाची शक्ती प्रोपेलर शाफ्टद्वारे मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या पिनियन या लहान दातेरी चाकापर्यंत येते. पिनियन हे क्राऊन व्हील या मोठ्या दातेरी चाकाला फिरविते. पिनियनला ९ व क्राऊन व्हीलला ४१ दात असतील, तर चाकांच्या एका फेऱ्यासाठी पिनियनला सुमारे साडेचार फेरे घ्यावे लागतात. त्यामुळे वेग कमी होऊन ओढण्याचे बळ वाढते.

क्राऊन व्हीलला जोडलेल्या डिफरन्शियलमुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. मागील दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतील चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर अधिक धावते. ही सोय नसती, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत गेले असते.

बहुतेक पिकअपमध्ये पिनियन हे क्राऊन व्हीलच्या मध्यबिंदूपेक्षा खालच्या पातळीवर बसविलेले असते. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तीत दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली घासतही जातात. साधे तेल या दाबाखाली टिकत नाही. त्यासाठी विशेष रसायने मिसळलेले गिअर ऑइल लागते. बहुधा जीएल-५ दर्जाचे एसएई ९० अथवा ८०डब्ल्यू-९० तेल वापरले जाते. तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी. इंजिनाचे उरलेले तेल येथे कदापि घालू नये.

गळतीचा ब्रेकशी संबंध

आसाच्या पेटीवर ब्रीदर नावाची एक लहान हवानळी असते. आस तापला की आतील हवा प्रसरण पावून या वाटेने बाहेर पडते. चिखलाने ही वाट बुजल्यास दाब वाढतो व तेल ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते. टोकाच्या सीलमधून निघालेले तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते व लायनरवर पसरते. अशा चाकाचा ब्रेक नीट लागत नाही आणि वाहन एका बाजूस ओढले जाते. भरलेले वाहन घाट उतरत असताना हा दोष प्राणघातक ठरू शकतो. चाकाच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ दिसताच सील बदलावे, ब्रीदर साफ करावा आणि तेल प्यालेले लायनर धुऊन न वापरता दोन्ही चाकांचे नवे घालावेत.

तेल बदलण्याची पद्धत

वाहन काही अंतर चालवून तेल कोमट झाल्यावर ते सपाट जागी उभे करावे व पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मागील बाजू उचलल्यावर हातब्रेकवर विसंबता येत नाही. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या वाहनाखाली कोणीही शिरू नये. मजबूत घोड्या लावणे अत्यावश्यक आहे.

प्रथम तेल भरण्याचा वरचा बूच उघडावा व नंतरच खालचा. तेल काढून टाकल्यावर वरचा बूच निघालाच नाही, तर वाहन जागेवरच अडकून पडते. निघालेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन न्याहाळावे. बुचाच्या चुंबकावरील बारीक करडा लेप ही नेहमीची झीज असते. मात्र धातूचे तुकडे आढळल्यास पेटी उघडून पाहणे भाग आहे. तेल दुधाळ असेल, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. तापलेला आस ओढ्याच्या पाण्यात एकाएकी थंड झाला की आतील हवा आकुंचन पावून पाणी खेचले जाते. पूर असलेल्या रस्त्यावरून वाहन गेल्यास ही तपासणी मुदतीपूर्वीच करावी.

नवे तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, वाहन समपातळीत असताना भरावे. जास्त तेल भरल्यास फेस होतो व सीलवर ताण येतो. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस द्यावे आणि पाट्यांचे यू बोल्ट घट्ट आहेत की नाहीत, हे पाहावे. काढलेले तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात ओतू नये. २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते अधिकृत संकलकाकडेच सोपवावे.

आवाजाचा अर्थ

ॲक्सिलरेटर दाबला असता वाढणारा व सोडताच बदलणारा गुणगुणाट बहुधा क्राऊन-पिनियनचा असतो. वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखविते, तर वाहन सुटताना होणारा ठोका प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातील ढिलाईमुळे असू शकतो. क्राऊन व पिनियन ही जोडी असते. एक बदलून दुसरे जुने ठेवणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय. त्यांची जुळणी मापनयंत्राच्या साहाय्याने कुशल कारागिरानेच करावी.

नोंदवहीची गरज

तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, निघालेल्या तेलाची स्थिती व गळती यांची नोंद ठेवण्यास एक पान पुरते. ग्रामपंचायत, सहकारी संस्था वा शाळेच्या मालकीचे वाहन असल्यास चालक बदलला तरी ही माहिती टिकते, आणि दुरुस्तीचे देयक मंजुरीसाठी आले असता त्याची शहानिशाही करता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनाही अशा नोंदी अभ्यासासाठी उपयोगी पडतील. थोडे तेल, एक सील व तासाभराचे श्रम यांची टाळाटाळ झाली, तर आस निकामी होऊन माल वाटेतच नासतो. आणि ब्रेक निकामी झाल्यास होणारी हानी कोणत्याही देयकाने भरून येत नाही.