अंबाडी, ताग आणि गांजा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आष्टी तालुका आहे. पाऊस बेभरवशाचा आणि शेती बहुतांशी जिरायती. अशा भागात ज्वारी, बाजरी किंवा तुरीच्या शेताच्या कडेने अंबाडीची एखादी ओळ पेरण्याची जुनी रीत आहे. कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि काडीच्या सालीपासून वाख निघतो. कासरा, दावे, चऱ्हाट हे सारे पूर्वी या वाखाचेच वळत. अंबाडीची हाताच्या पंजासारखी पाने पाहून नवख्या माणसाला मात्र ती गांजा वाटू शकते. तिचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे ‘गांजासारखी दिसणारी जास्वंद’ असे आहे!

गांजाच्या लागवडीला परवानगी द्यावी की नाही, यावर आपल्या देशात आणि परदेशातही वाद चालू आहे. त्यात मत बनवण्यापूर्वी ही वनस्पती नीट ओळखू या.

तीन वनस्पती, तीन कुळे

अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातली. तिचे पान एकसंध असते, फक्त खोल कातरलेले. फूल फिकट पिवळे आणि मध्ये गडद तांबडे. ताग किंवा बोरू हा तूर-हरभऱ्याच्या कुळातला. त्याला पिवळी फुले आणि शेंगा येतात. हिरवळीच्या खतासाठी तो गाडतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. भांग किंवा गांजा ही कॅनाबिस सटायव्हा नावाची निराळीच वनस्पती आहे. तिच्या पानात पाच, सात किंवा नऊ दातेरी पर्णिका एकाच बिंदूतून फुटतात. फुले बारीक, हिरवट, पाकळ्या नसलेली. नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असून परागण वाऱ्याने होते.

एकाच झाडात दोर आणि अंमल

गांजाच्या झाडाच्या सालीतही लांब, चिवट धागे असतात. बी दाट पेरले की झाड उंच, सरळ वाढते आणि वाख चांगला मिळतो. विरळ लावले की फांद्या फुटून फुलोरा वाढतो. मादी फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींतून राळेसारखा चिकट पदार्थ पाझरतो. या राळेला चरस म्हणतात, फुलोऱ्याच्या शेंड्यांना गांजा आणि पानांच्या तयार केलेल्या पदार्थाला भांग.

अंमल चढतो तो मुख्यतः टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी, या द्रव्यामुळे. १९६४ साली इस्राएलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. पुढे १९९२ साली आपल्या मेंदूतच तयार होणारे, त्याच ग्राहीवर काम करणारे द्रव्य सापडले. शास्त्रज्ञांनी संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून त्याला आनंदामाइड हे नाव दिले!

मग वाखाचे झाड कोणते आणि अंमलाचे कोणते? १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ०.३ टक्के टीएचसी ही सीमा सुचवली. म्हणजे १०० ग्रॅम सुक्या शेंड्यांत ०.३ ग्रॅम. अंमलासाठी वाढवलेल्या काही वाणांत हेच प्रमाण १५ ग्रॅमहून अधिक असते. ही सीमा निसर्गाने आखलेली नाही, माणसाने ठरवली आहे. आणि ती डोळ्यांनी दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळते.

कायदा काय सांगतो?

भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. त्यात गांजा आणि चरस येतात. शेंड्यांपासून वेगळे असलेले पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही. मात्र महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बंधन आहे. विनापरवाना गांजा लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही वाखासाठी किंवा बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उत्तराखंडने २०१८ साली ०.३ टक्क्यांची अट घालून तिचा वापर केला.

मोहोळची मागणी

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, शेती तोट्यात जाते, हे त्याचे कारण होते. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. पण कारण खोटे नव्हते. आष्टीच्या शेतकऱ्यालाही ते लगेच पटेल.

तरी एक प्रश्न विचारायला हवा. गांजाला भाव का आहे? त्याला मनाई आहे आणि विकणारा धोका पत्करतो, म्हणून. मनाई उठली की हा धोक्याचा भाव उरत नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. पुढच्या काही वर्षांत उत्पादन खपापेक्षा वाढले, भाव उतरले आणि शिल्लक माल नष्ट करावा लागला.

वाखाचे काय? वाखासाठी अंबाडी आणि ताग लावायला आजही कोणाची मनाई नाही. तरी नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्यांपुढे त्यांची मागणी घटली. शिवाय काड्या कुजवायला साचलेले पाणी लागते आणि दुष्काळी भागात तेच दुर्मिळ. वाखाला गिरणी आणि गिऱ्हाईक मिळाले नाही, तर झाडाचे नाव बदलून शेतकऱ्याचा प्रश्न सुटणार नाही.

एक वाद नव्हे, चार प्रश्न

वाख आणि बियांसाठी लागवड, औषध, नशेसाठी वापर आणि वापरणाऱ्याला शिक्षा, हे चार वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की गोंधळ होतो. या वनस्पतीतील कॅनाबिडिऑल हे अंमल न आणणारे द्रव्य २०१८ पासून अमेरिकेत फेपऱ्याच्या काही दुर्मिळ प्रकारांवर औषध म्हणून मान्य आहे. पण ते शुद्ध केलेले, मोजून दिलेले औषध आहे. त्यावरून चिलीम निरुपद्रवी ठरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताने बाजूने मत दिले, पण देशातला कायदा त्यामुळे बदलला नाही.

तुमच्या वयाला लागू असलेली गोष्ट अशी की मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात गांजा ओढणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता घटते आणि मानसिक आजाराचा धोका वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. गांजा कायदेशीर करणाऱ्या कॅनडातही लहान वयाच्या मुलांना तो विकणे गुन्हाच आहे.

करून पहा

१. अंबाडीच्या काही काड्या पाण्यात बुडवून ठेवा. जिवाणू सालीतील पेक्टिन कुजवतात आणि वाख सुटतो. साल सहज सुटायला किती दिवस लागले, ते नोंदवा.
२. अंबाडीचा वाख आणि तेवढ्याच जाडीची नायलॉनची दोरी यांना वजने टांगून कोणती आधी तुटते ते पाहा. मग दोन्ही तुकडे मातीत पुरून तीन महिन्यांनी उकरा.
३. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : अंबाडीचे दोर वळणे केव्हा थांबले आणि का?
४. वर्गात चार गट करून वरील चार प्रश्नांवर स्वतंत्र चर्चा करा.