दोन वह्या कशाला, एकच पुरे

अगं, आधी चार घास खाऊन घे. मेसच्या डब्यातलं वरण गार झालं असलं तरी चालेल, पण उपाशीपोटी ‘माझी यूपीएससीची मेन्स गेली’ असले निकाल लावत बसू नकोस. खाल्लंस? आता ऐक.

तुझी अडचण माझ्या लक्षात आली. जीएस-दोनचं राजकारण आणि सरकारी धोरणं एका वहीत, जीएस-चारमधली अभिवृत्ती, भावनिक बुद्धिमत्ता, लोकांचं मन वळवणं दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या रोज जाड होतायत आणि डोकं रिकामं वाटतंय. खरं सांगू का, तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. तू एकाच विषयाचे दोन ढीग केलेस, एवढंच. सरकार एक ठरवतं आणि माणूस भलतंच करतो, असं का होतं? दोन्ही पेपर फिरून फिरून हेच विचारतात. ठरवणाऱ्यांकडे बघितलंस की राजकारण, ज्याच्यासाठी ठरवलं त्याच्याकडे बघितलंस की मानसशास्त्र.

एक उदाहरण नीट धर, मग बघ किती प्रश्न सुटतात. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातली गावं. लस फुकट, तरी बाळांचं लसीकरण पूर्ण होत नव्हतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर तिथे प्रयोग केला आणि 2010 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत काहीच वेगळं केलं नाही, तिथे पूर्ण लसीकरण 6 टक्के. ज्या गावांत ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं, तिथे 18 टक्के. आणि शिबिराबरोबर दर लसीमागे एक किलो डाळ नि सगळ्या लसी झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे 39 टक्के.

आता तू काय करतेस, मला माहितीये. हे तीन आकडे पाठ करून पुढच्या पानावर जातेस. थांब जरा. 6 वरून 18 झाले ते कशाने? नर्स वेळेवर आली म्हणून. तिथली उपकेंद्रं निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडायची. म्हणजे लोकांना दोष देण्याआधी कुलूप बघायचं. हा झाला प्रशासनाचा मुद्दा. 18 वरून 39 झाले ते आयांचा लसीला विरोध नव्हता म्हणून. ‘आज नको, पुढच्या वेळी’ म्हणणाऱ्या बाईला आजच निघायला एक छोटं कारण मिळालं; हे मानसशास्त्र. आणि ‘फुकटच्या लसीवर वर डाळ कशाला?’ असं सभागृहात कुणी विचारलं तर? तिथे राजकारण आलं. तुझं उत्तरही तयार आहे: शिबिरात गर्दी वाढली, नर्सचा दिवस रिकामा गेला नाही, म्हणून डाळीसकट एका बाळाचं लसीकरण पूर्ण करण्याचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. बघ, एका गोष्टीत दोन्ही पेपर आले की नाही? आणि डाळ देऊनही 39 च का, हेही लिही. परीक्षकाला भाबडं उत्तर आवडत नाही गं.

आपल्या घरचं उदाहरणही हाताशी ठेव. महाराष्ट्रात 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. त्यात गावागावांत स्पर्धा लावली. शेजारचं गाव बक्षीस घेऊन गेलं तर आपल्या गावाची मान खाली, ही भावना कामाला लावली. पुढे 2014 साली देशभर स्वच्छ भारत आलं. त्यावर लिहिताना एवढं पक्कं लक्षात ठेव: शौचालयं मोजता येतात, सवय मोजायला अवघड. आणि राजकारणाला मोजता येईल ते आवडतं. हे एक वाक्य तुला कितीतरी योजनांच्या मूल्यमापनात वापरता येईल.

केस स्टडीची धास्ती घेतलीयेस ना? त्यात हमखास एक वरिष्ठ असतो, जो तोंडी सांगतो की एवढं सांभाळून घ्या. तिथे स्टॅनली मिलग्रॅम आठव. येल विद्यापीठात 1960 च्या दशकात त्यांनी साध्यासुध्या माणसांना दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. दुष्ट नव्हती ती माणसं. समोरचा अधिकारवाणीनं ‘पुढे चला’ म्हणत होता, एवढंच. आता अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, 1968 बघ. वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी हवा, आणि तोंडी द्यावाच लागला तर नंतर लेखी दुजोरा हवा, असं त्यात आहे. सही करायची म्हटलं की सांगणारा दोनदा विचार करतो, आणि ऐकणाऱ्याला ‘साहेब, कागद द्या’ म्हणायला जागा मिळते. ‘मी प्रामाणिक राहीन’ असं चार ओळी लिहिण्यापेक्षा हे लिही.

हर्बर्ट सायमन, डॅनियल काह्नमन, रिचर्ड थेलर ही नावं घ्यावीत की नाही, म्हणतेस? घे की, पण नाव म्हणजे हिंग. चिमूटभर पुरतो. थेलर आणि सनस्टीन यांच्या 2008 च्या ‘नज’ पुस्तकाचा उल्लेख केलास, तर ‘सरकारनं माझ्या नकळत मला ढकलायचं का?’ हा आक्षेपही त्याच उत्तरात घे. नुसतं कौतुक नको.

आता वेळेचं. गेल्या काही वर्षांचे जीएस-चारचे पेपर काढ. 250 पैकी 120 गुण सहा केस स्टडींना आहेत. तीन तासांतला जवळजवळ दीड तास त्यांचा, एकेकीला चौदा मिनिटं. शिवाय तू मराठीत लिहिणार आणि प्रश्न इंग्रजी-हिंदीत छापलेले असणार. मग सरावही तसाच कर. इंग्रजी प्रश्न वाच, चर्चा मागितलीय की मूल्यमापन ते अधोरेखित कर, आणि मग मराठीत सुरू हो.

आणि ते हायलायटर आवर बाई! माझ्या वह्यांत पाच रंगांची शाई असायची. आई म्हणायची, रांगोळीला गुण असतील तर तू पहिली येशील. पुन्हा पुन्हा वाचल्यानं आपल्याला येतंय असं नुसतं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलंय की वाचून झाल्यावर वही मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. तेव्हा वही मीट आणि लिही. सुरुवातीला अर्धं आठवेल आणि रडू येईल. येऊ दे. जे आठवलं नाही तेवढंच परत वाचायचंय, सगळी वही नाही.

दहाबारा उदाहरणं पुरतील तुला. प्रत्येकाला तीन प्रश्न विचार: कुणी ठरवलं आणि का, माणूस खरोखर कसा वागला, आणि काय बदलल्यावर फरक पडला. गावाकडे वाढलेल्या मुलीला रेशनच्या रांगेपासून ग्रामसभेपर्यंत हे सगळं बघून माहीत असतं. तुला फक्त ते उत्तरात आणायचंय. उद्या सकाळी उदयपूरचंच उत्तर वही मिटून लिही, 250 शब्दांत, घड्याळ लावून. फोटो मला पाठव. अक्षर वाईट आलं तरी पाठव, मी चष्मा लावून वाचते.