वर कोण जाणार, हे सांगण्याआधी

खालच्या डिव्हिजनमधला कोणता संघ यंदा वर जाणार, यावरच्या गप्पा मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. नेरुळमध्ये संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो, त्यामुळे त्या गप्पांचं पुढे काय होतं तेही जवळून दिसतं. मोठ्यांसाठी तो चार घटका रंगण्याचा विषय असतो. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं मात्र त्याच भरवशावर क्लबच्या कागदावर सही करतात आणि कॉलेजचं वर्ष मागे पडलं तरी चालेल, असं आईवडीलही म्हणू लागतात.

आमच्या मैदानावरच्या एका मुलाने अशीच सही केली. डाव्या पायाचा चपळ विंगर. त्याला दोन क्लबांकडून बोलावणं होतं. एक क्लब मुंबईच्या लीगमध्ये मधल्या क्रमांकावर रेंगाळणारा, पण जुना. दुसरा नवा, नावाजलेले खेळाडू जमवलेला, आणि 'हे पुढच्या वर्षी आय-लीगच्या दारात' असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणत होते असा. मुलगा या दुसऱ्या क्लबकडे गेला. तो संघ खरोखर चांगला खेळला, पण त्याच्या परवान्याची कागदपत्रं पूर्ण झाली नाहीत. संघ पुढच्या स्पर्धेत उतरलाच नाही आणि मुलाला एनओसी (ना हरकत पत्र) मिळेपर्यंत दुसरीकडे नोंदणीची मुदत संपली होती. एकोणिसाव्या वर्षी अख्खा मोसम घरी बसणं काय असतं, ते त्या घरालाच ठाऊक.

त्यानंतर मी खालच्या डिव्हिजनचे जुने मोसम एकेक करून तपासले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

नवी मुंबईतल्या मुलांना आणि पालकांना याची गरज जास्त आहे, असं मला वाटतं. आपल्या नजरेसमोर कायम शिखरच असतं. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, पहिली फायनल २०१४ मध्ये आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल २०२२ मध्ये इथेच झाली. घणसोलीत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे आणि तिथून आयएसएलच्या क्लबांत गेलेली मुलं आपण पाहतो. मधल्या पायऱ्या मात्र इथून दिसत नाहीत. त्या पाहायच्या तर हार्बर लोकलने सीएसएमटी आणि तिथून कूपरेजचं मैदान गाठावं लागतं. गेल्या काही वर्षांतला क्रम असा: मुंबईची लीग, तिथून राज्य संघटनेची शिफारस मिळाली तर आय-लीग ३, मग आय-लीग २, मग आय-लीग, आणि त्यावर आयएसएल. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाण्याची वाट २०२३ मध्ये पंजाबच्या संघाने पहिल्यांदा चालून दाखवली.

आधी नियम, मग पॉइंट टेबल

आपल्याकडे वर जाण्याचा निर्णय दोन ठिकाणी होतो. एक मैदानावर, दुसरा परवान्याच्या फाइलमध्ये. आशियाई महासंघाच्या परवाना पद्धतीत क्लबचे हिशेब, कायदेशीर रचना, मैदान, प्रशिक्षकांची पात्रता, युवा संघ असं सगळं तपासलं जातं. अंदाज सांगणारे बहुतेक जण हा भाग वगळतात.

मुंबईचंच उदाहरण घ्या. ओएनजीसीचा संघ २०१२ मध्ये सेकंड डिव्हिजनमधून (नंतरची आय-लीग २) वर आला आणि २०१२-१३ ची आय-लीग खेळला. मोसम संपल्यावर परवान्याचे निकष पूर्ण होत नाहीत म्हणून तो बाहेर पडला, आणि त्याच्याबरोबर एअर इंडियाही. दोन्ही संघ कंपन्यांचे होते. स्वतंत्र व्यावसायिक क्लब मागणाऱ्या नव्या निकषांत ते बसेनात. मैदानावरच्या अकरा जणांना हे बदलता येण्यासारखं नव्हतं.

आता याची दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेंगळुरूला आय-लीग पात्रता स्पर्धा झाली. जागा एकच होती. राजस्थान युनायटेड पहिला आला, मुंबईचा केंकरे एफसी दुसरा. मैदानावरचा निकाल तिथे संपला होता. पण चेन्नई सिटीला परवान्याच्या कारणावरून वगळण्यात आलं आणि ती जागा केंकरेला मिळाली. हाच चेन्नई सिटी २०१८-१९ चा आय-लीग विजेता होता. म्हणजे माजी विजेता बाहेर आणि पात्रता फेरीतला दुसऱ्या क्रमांकाचा संघ आत, आणि हे घडलं ते फाइलमुळे.

म्हणून कोणत्याही क्लबबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: गेल्या वर्षी परवाना मिळाला होता का? मिळाला असेल तर कोणत्या अटींवर? युवा संघ खरोखर मैदानात उतरतात का, की फक्त कागदावर आहेत?

जागा किती, आणि कुणासाठी?

टेबलात वर दिसणारा प्रत्येक संघ वर जाऊ शकतो, असं समजू नका. सेकंड डिव्हिजनमध्ये आयएसएल क्लबांचे राखीव संघ बरीच वर्षं खेळले. ते जिंकत, गुण मिळवत, पण त्यांना बढती नव्हती. त्यांना वगळून टेबल पुन्हा मांडलं की तिसरा-चौथा संघ खरा दावेदार ठरायचा.

उलटही घडतं. काही क्लब खालच्या पायऱ्या न चढता थेट आत येतात. बेंगळुरू एफसी २०१३-१४ मध्ये थेट प्रवेशाने आला आणि पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकला. इंटर काशीही २०२३-२४ मध्ये असाच आला. अशी दारं उघडली की खालून चढणाऱ्यांची गणितं बदलतात.

जिंकलेला संघ वर जाईलच, असंही नाही. गोव्याचा डेम्पो २०१६ ची सेकंड डिव्हिजन जिंकला आणि नंतर साळगावकर व स्पोर्टिंग गोवा यांच्यासारखाच आय-लीगपासून दूर झाला. गोव्याचे क्लब गेले म्हणून, खाली घसरलेल्या मिझोरमच्या ऐझॉल एफसीला परत घेतलं गेलं. आणि २०१६-१७ ची आय-लीग कोणी जिंकली? त्याच ऐझॉलने.

खेळाडूंच्या यादीइतकाच प्रशिक्षक पाहा

ऐझॉलच्या त्या विजेतेपदाचा एक धागा मुंबईत आहे. मुंबई एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २००८ ची सेकंड डिव्हिजन जिंकून वर गेला आणि मोठ्या क्लबांपुढे आटोपशीर पैशांत अनेक मोसम टिकला. त्यातली बरीच वर्षं खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये ते मुंबई सोडून ऐझॉलला गेले आणि त्यांनी ऐझॉलला विजेता केलं. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरला आणि पुढे बंदच पडला. हेच जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

एकट्या प्रशिक्षकामुळे सगळं घडलं, असा दावा मी करत नाही. पण खालच्या डिव्हिजनमध्ये खेळाडू दरवर्षी बदलतात आणि करार छोटे असतात. जानेवारीत चांगला स्ट्रायकर वरच्या क्लबात गेला की सप्टेंबरमधली यादी निरुपयोगी होते. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षं एकच प्रशिक्षक टिकलेला संघ मी नावाजलेल्या नव्या संघाच्या वर ठेवतो.

छोट्या स्पर्धेत मोठी भाकितं करू नका

लांब लीगमध्ये चांगला संघ शेवटी वर येतो, कारण एखाद्या वाईट दिवसाची भरपाई करायला वेळ असतो. खालच्या डिव्हिजनमध्ये अनेकदा आधी गट आणि मग फायनल राउंड असते. २०२१ च्या पात्रता स्पर्धेत अंतिम फेरीत चारच संघ होते, म्हणजे प्रत्येकाला तीन सामने. एक लाल कार्ड, एक हुकलेली पेनल्टी, गोलकीपरचा एक ताप, की वर्षाची मेहनत पाण्यात. अशा स्पर्धेत एका संघाचं नाव छातीठोकपणे घेऊ नका. दोन-तीन नावं घ्या आणि तिथेच थांबा.

काही संघ मात्र अंदाज खरे ठरवतात. बंगालच्या डायमंड हार्बरने २०२४-२५ च्या एकाच मोसमात आय-लीग ३ आणि आय-लीग २ दोन्ही जिंकल्या. पैसा, तयारी आणि कागदपत्रं तिन्ही जागेवर असली की असं होऊ शकतं. आणि वर गेलेला संघ वर टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे. केंकरे २०२२-२३ च्या शेवटी पुन्हा खाली आला.

शेवटची शिट्टी म्हणजे निकाल नव्हे

२०२४-२५ च्या आय-लीगचे सामने संपले तेव्हा गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते, इंटर काशीचे ३९. नामधारी संघाच्या अपात्र खेळाडूवरून इंटर काशीच्या तीन गुणांचा वाद चालू होता. आधी चर्चिलला विजेता जाहीर केलं गेलं, आणि जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. दोन्हीकडच्या खेळाडूंनी ते महिने कसे काढले असतील, याचा विचार करा. ज्याचा करार 'वर गेलो तर' या अटीवर बेतलेला असतो, त्याच्यासाठी असा उन्हाळा फार लांब असतो.

मुलांना आणि पालकांना

करारावर सही करण्याआधी तो घरी आणा, शांतपणे वाचा, जाणकाराला दाखवा. संघ पुढच्या स्पर्धेत उतरला नाही तर एनओसी किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या. दुखापत झाली तर खर्च कोण करणार, हेही लेखी घ्या. मानधन वेळेवर मिळतं का, हे क्लबच्या माणसांना विचारण्यापेक्षा गेल्या वर्षी तिथे खेळलेल्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात. कॉलेज सोडू नका.

अंदाजावर पैसे तर अजिबात लावू नका. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. जिथे मानधन थोडं आणि सामन्यांवर नजर कमी, तिथे सट्ट्याचा पैसा खेळाडूपर्यंत सगळ्यात आधी पोहोचतो. बिघडतात ती आपलीच मुलं.

आणि क्लब निवडताना सगळ्यात वजनदार प्रश्न हा ठेवा: संघ वर गेला नाही, तरी या वर्षी मुलगा किती मिनिटं मैदानावर असेल? विशीच्या आतल्या खेळाडूला बढतीच्या आशेपेक्षा नियमित सामने जास्त घडवतात. त्या प्रश्नाचं उत्तर पटलं, तरच सही करा.